कोल्हापुरातील श्वसनरोगाची साथ (कोविड-१९) : प्रसार व नियंत्रण

शिंकण्या-खोकण्यातून, तसेच बंद जागेत बराच वेळ साचलेल्या हवेतून पसरणारा रोग दाट वस्तीच्या शहरात कसा फिरतो आणि कसा आटोक्यात येतो, हे कोल्हापूरच्या २०२०-२१ मधील अनुभवावरून चांगले समजते. महाद्वार रोड, गुजरी, लक्ष्मीपुरी, कपिलतीर्थ मंडई हा भाग गजबजलेला आहे, तर पेठांमधील घरे भिंतीला भिंत लागून. तरीही साथीचा पहिला भर शहरात उसळला नाही. मार्च २०२०च्या अखेरीस पहिला रुग्ण आढळला. पण आकडे खऱ्या अर्थाने वाढले ते मे महिन्यात, मुंबई-पुण्याहून लोक गावी परतू लागल्यावर. किणी टोलनाक्यावर तपासणी आणि गावोगावच्या शाळांमध्ये चौदा दिवसांचे अलगीकरण हा तेव्हाचा मुख्य उपाय होता. संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा काळ बहुधा दोन ते चौदा दिवसांचा असल्याने ही मुदत ठरली होती. गावसमित्यांनी ती कडकपणे पाळून घेतली, काही ठिकाणी गरजेपेक्षाही जास्त. आपल्याच घरच्या माणसाला वेशीवर थांबवण्याचे प्रसंग घडले.

शहरात गंभीर रुग्णांचा मोठा भार छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीपीआरने, उचलला. सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहांसारख्या जागा घेतल्या गेल्या. रुग्ण सापडला की गल्ली बॅरिकेड लावून बंद होई. औषध-किराणा पोहोचवणे, घरोघरी चौकशी ही कामे तालमी आणि तरुण मंडळांनी अंगावर घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्यसेविका आणि आशा ताई तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या.

दुसरी लाट इथे उशिरापर्यंत रेंगाळली. जून २०२१ पासून राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले; स्तराचा आकडा जितका मोठा, तितके निर्बंध कडक. बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा हे त्याचे निकष होते. कोल्हापूर जिल्हा सुरुवातीला चौथ्या स्तरात आला. या पद्धतीत एक मेख होती. बाधितांचे प्रमाण म्हणजे शंभर चाचण्यांमागे निघालेले रुग्ण. चाचण्या फक्त लक्षणे असलेल्यांच्याच केल्या तर ते फुगते, सरसकट केल्या तर उतरते. शिवाय मोजमाप जिल्ह्याचे आणि बंद दुकाने शहरातली, म्हणून शहराला स्वतंत्र घटक धरावे अशी व्यापाऱ्यांची मागणी होती. ती रास्त वाटली, तरी भाजी, दूध आणि कामगार यांची ये-जा रोज चालणाऱ्या शहराची हवा शिवेवर अडत नाही.

मृतांच्या बाबतीत कोल्हापूरची एक जुनी रीत उपयोगी पडली. महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कार करते, आणि होळी लहान करून लोक तिथे चितेसाठी शेणी (गोवऱ्या) दान करतात. साथीत हे दान चालूच राहिले.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला आणि दुहेरी पेच पडला : घरे सोडलेल्या लोकांना एका छताखाली आणावेच लागते, आणि अंतर ठेवणे तिथेच सर्वांत कठीण जाते. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्याने बहुतेक जिल्ह्यांतील निर्बंध सैल केले, तेव्हा तिसऱ्या स्तरात ठेवलेल्या अकरा जिल्ह्यांत कोल्हापूर होते. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, राज्यातील मंदिरे उघडली. अंबाबाईच्या दर्शनासाठी मात्र आधी ई-पास काढावा लागत होता.