जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्ता : सामाजिक प्रश्नांसाठी वापर

आरोग्य, शेती, आपत्ती निवारण, मदतवाटप अशा कामांत स्वयंचलित प्रणाली वापरण्यापूर्वीच तिच्या चुकीची झळ कोणाला बसेल, जाब कोण देईल आणि चूक कशी सुधारली जाईल हे ठरवून ठेवण्याची पद्धत. युनेस्कोने यासंबंधीची शिफारस नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वीकारली. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला.

यातली सर्वांत अवघड पायरी म्हणजे यंत्राने नेमके कशाचे भाकीत करायचे हे ठरवणे. आजारपण थेट मोजता येत नाही, म्हणून हाताशी असलेला आकडा त्याच्या जागी घेतला जातो. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जादा देखभाल द्यावी हे सुचवणारी एक प्रणाली आजाराऐवजी उपचारांच्या खर्चाचे भाकीत करत होती. आजार तेवढाच असूनही कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत आला होता, त्यामुळे ते कमी आजारी ठरले. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकातील अभ्यासाने हे उघड केले. ही खोट काढली, तर निवडलेल्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाते, असे त्यात आढळले. प्रणालीला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती. तो रकाना वगळला की पक्षपात जातो, हा समज म्हणूनच घातक आहे.

अचूकतेचा एकच आकडाही फसवतो. हजारांत १० जण आजारी आहेत आणि यंत्र आजारी व निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते, असे धरू. ९ आजारी सापडतील, पण ९९ निरोगी माणसेही संशयित ठरतील. या १०८ जणांना तपासायला डॉक्टर नसतील, तर रांग तेवढी वाढेल. इशारा कधी द्यायचा याचा उंबरठा मनुष्यबळ पाहूनच ठरवावा. चुका लिंग, वय, भाषा आणि प्रदेशानुसार वेगळ्या मोजाव्यात.

प्रत्यक्ष वापराआधी प्रणाली काही काळ नुसती नोंदीपुरती चालवतात : भाकिते साठवायची, निर्णय मात्र माणसांनी नेहमीसारखे घ्यायचे. प्रयोगशाळेत न दिसणाऱ्या अडचणी इथे कळतात. थायलंडमधील दवाखान्यांत मधुमेहींच्या डोळ्यांच्या तपासणीत पाचातले एक छायाचित्र पुरेसे स्पष्ट नाही म्हणून यंत्राने नाकारले. अनेक ठिकाणी खोलीत पुरेसा अंधारच करता येत नव्हता.

फेरविचाराची सोय सुरुवातीपासून हवी. अर्ज नाकारल्याचे कारण अर्जदाराला त्याच्या भाषेत कळावे आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला निर्णय फिरवण्याचा खरा अधिकार असावा. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याचे कोणते अर्ज संशयास्पद मानायचे हे ठरवणाऱ्या प्रणालीत नागरिकत्व हा एक निकष होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा चुकीचा ठपका बसला, मोठ्या रकमांची वसुली झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला.