दिवा हूल देत नाही

"फी भरली फुटबॉलची आणि इथे चाललीय शिवाशिवी!" रविवारी मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या पालकांची ही तक्रार मी हमखास ऐकतो. प्लॅस्टिकचे कोन मांडून पोरं नागमोडी पळवली की मात्र त्यांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

पण कोन जागचा हलत नाही. कुठे वळायचं, कधी वळायचं, सगळं आधीच ठरलेलं. त्याने पायांत जोर येतो, हे खरं. क्रीडाशास्त्रात चपळाई म्हणतात ती मात्र समोर काय घडतंय ते पाहून वळण्याला, आणि ते शिवाशिवीत क्षणोक्षणी करावं लागतं.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे हूल. डोळ्यांना काही दिसल्यापासून अंग हलायला साधारण 0.2 सेकंद लागतात. सेकंदाला 5 मीटर पळणारं पोर तेवढ्यात 1 मीटर पुढे निसटतं. आता त्याने डाव्या खांद्याची हूल दिली समजा. ज्याच्यावर राज्य आहे, त्याच्या मेंदूने 'डावीकडे' असा हुकूम काढायला घेतला, तोच हे पोर उजवीकडे! डोळ्यांना ते दिसलेलं असतं, पण मेंदूच्या तिकीटघराला खिडकी एकच. पहिलं गिऱ्हाईक हलेपर्यंत दुसरं रांगेत. त्यामुळे दुसऱ्या प्रतिसादाला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. टेलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने 1931 मध्येच हा परिणाम नोंदवला होता. गंमत अंतरात आहे. हूल आणि खरं वळण अगदी लगोलग आलं, तर मेंदू दोन्ही एकच धरतो. फार उशिरा आलं, तर खिडकी मोकळी झालेली असते. मधला तो दशांश सेकंदाच्या आसपासचा क्षण पोरं खेळता खेळता अचूक पकडतात.

पकडणाऱ्याने काय करावं? कमरेकडे बघावं. डोकं, खांदे, हात खोटं बोलतात. शरीराचा गुरुत्वमध्य मात्र ओटीपोटाच्या आसपास असतो आणि जमिनीला पायाने रेटा दिल्याशिवाय तो दिशा बदलत नाही. उजवीकडे जायचं तर बहुतेक वेळा डावा पाय बाहेर रोवावा लागतो. न्यूटनला हूल देता येत नाही. आट्यापाट्यात पाटी धरणारा गडी हेच वाचत आडवा सरकत असतो, आणि फुटबॉलमधला बचावपटूही.

हल्ली चपळाई वाढवणारे लुकलुकते दिवे महागात विकले जातात. दिवा लागला की हात लावायचा. पण दिवा हूल देत नाही, त्याला कंबरही नसते. घोट्याला बांधलेल्या काळ्या दोऱ्याने पोराचा वेग वाढत नाही, तसाच हाही प्रकार.

प्रशिक्षकांना एकच सांगणं: शिवलेल्याला बाद करू नका. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच कडेला बसून राहतो. त्यापेक्षा प्रत्येकाच्या चड्डीत मागे रुमालाची शेपटी खोचा आणि पायाशी चेंडू द्या. शेपटी सांभाळायची म्हटल्यावर चेंडूवर खिळलेली नजर आपोआप वर येते.