तेरची पांढर: पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावची, तेरणा नदीच्या काठची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, ही सातवाहनकाळातली वस्ती, थरावर थर बसलेली. दर पावसाळ्यात दरडीची कड सुटते. मग विटांच्या भिंतीचा तुकडा, चुलीच्या राखेचा पट्टा, भाजलेल्या मातीची कडी रचून बांधलेल्या आडाचा अर्धा गोल असं काहीबाही उघडं पडतं. छपराची कौलंही सापडतात, खिळ्यासाठी दोन भोकं पाडलेली.

अभ्यासकांचं लक्ष मात्र आधी नावाच्या वादात अडकलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वर्णनात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर सांगितलं आहे. पुढे शिलाहार राजेही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. हे तगर कोणतं? कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. देवगिरी पैठणच्या उत्तरेला, जुन्नर पश्चिमेला. दिशेलाच दोन्ही बाद व्हायला हवी होती. धारूरचा दावा त्या मानाने बरा. पण भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर, म्हणजे दिवसाला सतराएक किलोमीटरची चाल. धारूर पैठणपासून जेमतेम शंभरावर. तिथे जायला दहा दिवस कशाला? तेर सुमारे 150 किलोमीटरवर आहे आणि बैलांच्या तांड्याची चाल तिथे जुळते. दिशा नेमकी पूर्व नाही, आग्नेय आहे, एवढीच खोट. 1901 मध्ये तेरच्या बाजूने मांडणी झाली आणि बहुतेकांनी ती मान्य केली.

या निकालाने तेरला मान मिळाला, पण अभ्यासाची दिशा ठरली ती रोमशी व्यापाराची. हस्तिदंती बाहुली, पांढऱ्या मातीच्या मूर्ती, रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदकं यांचं कौतुक झालं. गावातल्याच एका गृहस्थाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून संग्रहालय उभं राहिलं, हे तेरचं भाग्यच. 1957-58 पासून पुढे अनेकदा उत्खननं झाली. तरी घरं कशी होती, अंगण कुठे, आड कुणाच्या वाट्याचा, हे विचारणारे थोडेच.

पांढरीची माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला गाडीने नेण्याची रीत मराठवाड्यात जुनीच. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर माळवदाची धास्ती बसली आणि लोक सिमेंटच्या स्लॅबकडे वळले. मातीची मागणी घटली, पण स्लॅबच्या घराला पाया खोल लागतो आणि तो थेट जुन्या भिंतींत उतरतो. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना राहायला घर हवंच. पाया खणताना आणि दरड सुटल्यावर लगेच उघड्या पडलेल्या थरांच्या कापाचं मोजमाप आणि फोटो घेणारं माणूस गावातच नेमलं, तर निदान नोंद राहील. वस्तू उचलून संग्रहालयात नेता येते, भिंत नेता येत नाही.