एनजिनएक्सवर ‘टू मेनी ओपन फाइल्स’: लिमिट वाढवूनही एरर का जात नाही?

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ब्राउझर आणि ॲप यांच्यामध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणूनही काम करतो. लिनक्स त्याचं प्रत्येक कनेक्शनही उघडी फाइल म्हणून मोजतं, आणि अशा फाइलींना लिमिट असते. ती संपून एरर लॉगमध्ये २४ क्रमांकाची ही ओळ दिसली की बहुतेक ग्राहक ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ६५५३५ लिहितात, सर्व्हर रीबूट करतात आणि निर्धास्त होतात. गर्दीच्या वेळी एरर पुन्हा हजर!

सगळा वेळ इथेच वाया जातो. ती फाइल लॉगिन करणाऱ्या युजरला लागू होते. एनजिनएक्सला सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारी यंत्रणा) सुरू करते, त्यामुळे तिथला आकडा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. टर्मिनलवर ‘यूलिमिट’ने ६५५३५ दाखवलं, तरी ते फक्त तुमच्या शेलचं असतं. रीबूटनंतर बरं वाटतं, कारण जुनी कनेक्शन्स तुटलेली असतात.

खरा आकडा चालू वर्करचा (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या एनजिनएक्स प्रोसेसचा) पीआयडी, म्हणजे प्रोसेस क्रमांक, घेऊन ‘प्रॉक’खालच्या त्याच्या फोल्डरमधल्या ‘लिमिट्स’ फाइलमध्ये पाहा. शेजारच्या ‘एफडी’ फोल्डरमधल्या नोंदी मोजा, म्हणजे वापर कळेल. लिमिट प्रत्येक वर्करला वेगळी असते, म्हणून सगळ्यांची बेरीज करू नका.

दुरुस्ती एनजिनएक्सच्या मुख्य कॉन्फिगमध्ये करायची: ‘वर्कर आरलिमिट नोफाइल’ १६३८४, ‘वर्कर कनेक्शन्स’ ८१९२. दुप्पट अशासाठी, की कॅशे, लॉग आणि बफरमध्ये न मावलेल्या उत्तरांच्या तात्पुरत्या फाइलींनाही जागा लागते. याला रीलोड पुरतो. मात्र तपासताना नवा वर्कर निवडा, ‘शटिंग डाउन’ दिसणाऱ्या जुन्यावर जुनाच आकडा असेल. आम्ही सिस्टमडीमधल्या सर्व्हिसच्या ओव्हरराइड फाइलमध्ये ‘लिमिट नोफाइल’ही लिहितो. त्याला मात्र डीमन-रीलोड आणि पूर्ण रीस्टार्ट लागतो. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा आडवी येऊ शकते. तिथे ‘एचटीटीपीडी सेटआरलिमिट’ हे बुलियन (चालू-बंद सेटिंग) चालू करा. एररचा क्रमांक २३ असेल, तर लिमिट अख्ख्या सर्व्हरची संपली आहे. त्याचा इलाज वेगळा.

“सरळ दहा लाख टाका ना,” असं ग्राहक सांगतात. आम्ही टाकत नाही. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येतात आणि मागचं ॲप ०.२ सेकंदात उत्तर देतं, तेव्हा एका क्षणी ४० रिक्वेस्ट उघड्या असतात. डेटाबेस अडकून तेच उत्तर १० सेकंदांवर गेलं की २०००. प्रत्येकीला दोन कनेक्शन्स, एक ब्राउझरकडचं, एक ॲपकडचं: एकूण ४०००. चार वर्करवर वाटली तरी प्रत्येकी १०००, आणि नेहमीची डीफॉल्ट लिमिट १०२४! अशा वेळी दोष प्रॉक्सीचा नसतो. दहा लाख टाकून तो फक्त झाकला जातो.

म्हणून एक विनंती: एरर आली की रीस्टार्टआधी वर सांगितलेले दोन आकडे (वर्करची लिमिट आणि वापर) आणि एरर लॉगच्या शेवटच्या ५० ओळी आम्हाला पाठवा. रीस्टार्ट केलात की त्या क्षणाचे आकडे गेले, मग पुढच्या गर्दीपर्यंत वाट पाहावी लागते. वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांच्या सर्व्हरवर आम्ही ही मोजणी दर मिनिटाला ठेवतो आणि वापर ७० टक्क्यांवर गेला की आधी ॲपचा उत्तरवेळ पाहतो. करार नसेल तरी आकडे पाठवा. लिमिट कमी आहे की ॲप हळू झालंय, एवढं आम्ही विनामूल्य सांगतो.