पाकटाचा काटा आणि ऊन पाणी

सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू असताना पाण्यात उतरलेल्या कित्येक भाविकांच्या पायांत एकाएकी असह्य कळा सुरू झाल्या. पायांना जखमा होत्या, रक्त वाहत होते, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. वाळूत बसलेल्या पाकटांवर, म्हणजे स्टिंग रे माशांवर, पाय पडले होते. बातम्यांनी मात्र त्याला माशांचा हल्ला ठरवले. आता गणेशोत्सव जवळ आला की पाकट आणि जेलीफिशपासून सावध राहण्याच्या सूचना निघतात, त्या चांगल्याच आहेत. पण वर्षातून एकदा गुडघाभर पाण्यात जाणाऱ्यांपेक्षा रोज पाण्यात उभे राहून पोट भरणाऱ्यांचा विचार त्यात फारसा नसतो. किनाऱ्यावरून रापणीचे मोठे जाळे ओढणारे, खाडीत ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका, जाळ्यातली मासळी निवडणारे खलाशी यांना पाकटाच्या शेपटीवरचा विषारी काटा कधी लागेल याचा नेम नसतो.

पाकट माणसावर चाल करून येत नाही. ते तळाशी चपटे पडून राहते, अंगावर वाळू उडवून घेते. वर दिसतात ते फक्त डोळे आणि डोळ्यांमागची दोन छिद्रे. तोंड खालच्या बाजूला वाळूत असल्यामुळे श्वासाचे पाणी या छिद्रांतून आत घेतले जाते. कोळंबी, शिंपले, किडे हे त्याचे खाणे, आणि ते मिळवायला शेपटीचा काही उपयोग नाही. काटा आहे तो शार्कसारख्या शत्रूसाठी. पाठीवर वरून दाब आला की शेपटी कमानीसारखी पुढे वळते आणि दाबणाऱ्या वस्तूवर बसते. म्हणून पाण्यात चालणाऱ्याला जखम होते ती बहुधा पावलाला किंवा घोट्याला, आणि जाळे सोडवणाऱ्याला हाताला. मेलेल्या पाकटाचाही काटा तितकाच त्रास देतो. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियात वन्यजीवांवरच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध असलेले स्टीव्ह आयर्विन यांचा मृत्यू झाला तो काटा छातीत घुसल्यामुळे. त्यानंतर जगभर या माशाला खुनी म्हटले गेले, पण असे मृत्यू फार विरळा.

आता काट्याकडे जवळून पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. शार्कच्या अंगावर हात फिरवला तर खरखरीत लागते, कारण त्याच्या कातडीत दातांसारखेच बनलेले बारीक खवले असतात. पाकटाचा काटा म्हणजे असाच एक खवला, लांबच लांब वाढलेला. तो दंतिनाचा, म्हणजे दाताच्याच द्रव्याचा बनलेला असतो. दोन्ही कडांना करवतीचे दाते असतात आणि त्यांची टोके मागे, शेपटीच्या बुडाकडे वळलेली असतात. त्यामुळे काटा आत जाताना सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. खालच्या अंगाला दोन पन्हळी असतात आणि विष तयार करणाऱ्या पेशी त्या पन्हळींत भरलेल्या असतात. तंबोऱ्याला गवसणी घालावी तसे या सगळ्यावर कातडीचे पातळ आवरण असते.

सापाशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. नागाची विषग्रंथी वेगळी असते, तिच्यापासून नळी निघते, दात आतून पोकळ असतो आणि ग्रंथी दाबायला स्नायू असतो. पाकटाकडे यातले काहीच नाही, नळी नाही आणि दाबणारा स्नायूही नाही. काटा घुसताना गवसणी फाटते, पेशी चिरडतात आणि विष जखमेत सांडते. पुष्कळदा गवसणीचे तुकडे, कधी काट्याचे टोकही आतच राहते आणि विष झिरपत राहते. जखम धुणे महत्त्वाचे ते याचसाठी.

हे विष मुख्यतः प्रथिनांचे असते. कॅलिफोर्नियात फिंडली रसेल यांनी १९५० च्या दशकात त्यावर सविस्तर अभ्यास केला. त्यात काही विकरे (एन्झाइम) सापडली आणि मज्जातंतूंमध्ये संदेश नेणारे सेरोटोनिन हे द्रव्यही सापडले. वेदना जखमेच्या मानाने कितीतरी जास्त असते. ती वाढत जाऊन अर्ध्या ते दीड तासात शिगेला पोहोचते, मग हळूहळू उतरते, पण कधी दोन दिवसही पुरते. जखमेभोवतीच्या रक्तवाहिन्या आकसतात, कडा पांढुरक्या-निळसर पडतात, थोडे मांस मरतेही.

यावरचा उपाय इतका साधा आहे की ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या ऊन पाण्यात हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. सॅन डिएगोच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये ११९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सुरुवातीला फक्त गरम पाण्याचा उपचार मिळालेल्या बहुतेकांना दुसरे वेदनाशामक लागलेच नाही.

हे घडते कसे? पुस्तकी उत्तर असे की उष्णतेने विष नष्ट होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ठरावीक घड्या पडून विशिष्ट आकारात बसलेली. या घड्या नाजूक बंधांनी धरून ठेवलेल्या असतात. तापमान वाढले की रेणूची थरथर वाढते, बंध सुटतात, घडी मोडते आणि घडीबरोबर प्रथिनाचे कामही जाते. प्रयोगशाळेत स्टोनफिशसारख्या काटेरी माशाचे विष ५० अंशांच्या आसपास तापवले की निकामी होते, हे खरेच आहे.

पण पाऊल परीक्षानळी नव्हे. बाहेर ४५ अंशांचे पाणी असले तरी दोन सेंटिमीटर आतले मांस तेवढे तापत नाही, कारण वाहते रक्त उष्णता सतत दुसरीकडे नेत असते. शिवाय आराम पुष्कळदा काही मिनिटांतच सुरू होतो आणि पाय लवकर बाहेर काढला तर कळ परत येते. विष नष्टच झाले असेल तर कळ परत यायचे कारण काय? म्हणून दुसरे स्पष्टीकरण मज्जातंतूंकडे बोट दाखवते. आपल्या वेदनातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन असते. ४३ अंशांच्या पुढे त्याचे दार उघडते आणि आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरतात. मिरचीतल्या कॅप्सेसिननेही हेच दार उघडते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीचाच माग काढत ते शोधले आणि २०२१ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. उष्णतेच्या संदेशांचा असा लोंढा गेला की मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेच्या इतर संदेशांना आवर घालतात, असे हे स्पष्टीकरण सांगते. आकसलेल्या रक्तवाहिन्या उष्णतेने सैलावतात आणि विष पातळ होऊन वाहून जाते, हा तिसरा भाग. मला ही तिन्ही कारणे एकत्र काम करतात असे वाटते. पहिल्या काही मिनिटांचा आराम तंतूंमुळे आणि तासाभरानंतर टिकून राहणारा आराम विषाचा जोर ओसरल्यामुळे, अशी विभागणी निरीक्षणांशी जुळते.

वेदनेच्या चढउताराच्या याच वेळापत्रकात मंत्राने विष उतरवणाऱ्यांच्या कीर्तीचे रहस्य आहे. काटा लागला, माणूस किनाऱ्यावर आणला, मांत्रिकाला बोलावणे गेले, तो आला. एवढ्यात तास-दीड तास सहज जातो आणि वेदना शिगेवरून आपोआप उतरू लागते. तेवढ्यात मंत्र म्हटला की श्रेय मंत्राला. पुढे आठवड्याने आत राहिलेल्या तुकड्यामुळे जखम पिकते, तेव्हा मांत्रिकाला कोणी जाब विचारत नाही. पाला ठेचून बांधण्याचेही तेच. उघड्या जखमेत माती आणि जंतू जातात ते वेगळेच.

जहाजावर जेवण आणि चहा होतो, तेव्हा पाणी तापवण्याची सोय असतेच. पाणी किती गरम हे आधी धडधाकट माणसाने कोपर बुडवून पाहावे. जखमी माणसाला वेदनेपुढे चटका कळत नाही आणि पाय भाजून निघतो. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसू नये, तसाच ठेवून रुग्णालय गाठावे. तो रक्त अडवून धरत असू शकतो. हातापायाच्या जखमेलाही डॉक्टरकडे जायचेच. काट्यात कॅल्शियम असल्यामुळे राहिलेला तुकडा एक्स-रेत दिसू शकतो, धनुर्वाताचे इंजेक्शन लागते आणि उबदार समुद्रातल्या व्हिब्रिओ जंतूंचा संसर्ग मधुमेही किंवा यकृताचा आजार असलेल्यांना फार महाग पडतो. पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत न्यावा. पाकटाला बाजूने धक्का लागला तर ते निघून जाते, वरून दाबले तरच शेपटी उचलते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर लोकांना हेच शिकवतात.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. जाळ्यात समुद्रसापही येतात आणि त्यांच्या दंशावर ऊन पाण्याचा काही उपयोग नाही. तो दंश बहुतेकदा दुखतही नाही. काही तासांनी अंग दुखून ताठरते, पापण्या मिटू लागतात, स्नायू विरघळून लघवी काळपट होते. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून केलेली आहे, ती इथे लागू पडत नाही. तेव्हा दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता, दुखत नाही म्हणून वाट न पाहता, बोट सरळ बंदराकडे वळवावी आणि श्वासाचे यंत्र व डायलिसिस असलेले रुग्णालय गाठावे.