टॉन्सिलचा स्वॅब पाठवण्याआधी एवढं वाचा
(स्ट्रेप्टोकोकस सुइसची तपासणी करून घेणाऱ्या वराहपालकांसाठी आणि पशुवैद्यांसाठी)

दूध तोडलेल्या पिल्लांपैकी दोन-चार आडवी होतात, पाय सायकल चालवल्यासारखे मारतात, मान मागे ताठ होते. असं झालं की तुम्ही आम्हाला, म्हणजे लॅबला, फोन करता, ते बरोबरच आहे. घोळ होतो त्यानंतर. दोन दिवसांनी जो डबा येतो त्यात दहा स्वॅब असतात, सगळे नाकातले किंवा टॉन्सिलचे, आणि त्यातले निम्मे धडधाकट जनावरांचे. सोबत चिठ्ठी: ‘घातक जात आहे का ते कळवा.’

या स्वॅबवरून ते कळवता येत नाही. स्ट्रेप्टोकोकस सुइस हा जिवाणू जवळपास प्रत्येक डुकराच्या टॉन्सिलमध्ये मुक्कामाला असतो, आणि एकटा नसतो. एकाच जनावराच्या घशात त्याचे तीन-चार वेगवेगळे प्रकार सुखाने नांदतात. रक्ताच्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या रक्त मिसळलेल्या जेलीवर) रात्रभर वाढवला की प्लेटभर टाचणीच्या डोक्याएवढ्या करड्या वसाहती दिसतात, भोवती हिरवट कडा. त्यातली पिल्लू मारणारी कोणती, हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही. आम्ही एक उचलली आणि ती निरुपद्रवी निघाली, तर तुम्ही निर्धास्त होता आणि पुढच्या आठवड्यात आणखी पिल्लं जातात. त्याच वसाहतीपासून फार्मपुरती लस बनवून घेतली असेल तर तो खर्चही वाया.

नमुना हवा तो जिथे या जिवाणूला एरवी जागा नसते तिथला: मेंदूवरच्या आवरणाचा, सुजलेल्या सांध्यातल्या पाण्याचा, हृदयाच्या झडपेचा. पिल्लू नुकतंच मेलेलं किंवा मरणाला टेकलेलं असावं आणि त्याला अँटिबायोटिक दिलेलं नसावं. फुप्फुसाचा तुकडा चालेल, पण एकटा नको. तिथे हा बऱ्याचदा दुसऱ्या रोगाच्या मागून शिरतो. नमुना बर्फाच्या पिशव्यांसोबत थंड ठेवा, गोठवू नका. कवटी पशुवैद्यांकडूनच उघडून घ्या, हातमोजे घालून. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याला द्या.

आता रिपोर्टबद्दल. त्यात आधी सिरोटाइप असतो, म्हणजे जिवाणूच्या अंगावरच्या साखरेच्या आवरणाचा प्रकार. डुकरांत आणि माणसांतही सर्वात जास्त त्रास देणारा प्रकार २. साध्या पीसीआरला (जनुक शोधणाऱ्या तपासणीला) २ आणि ‘१/२’ नावाचा असे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत, तसेच १ आणि १४ सुद्धा. फरक असतो सीपीएसके या जनुकातल्या एका अक्षराचा. एका अक्षरासाठी आम्ही रिपोर्ट एखादा दिवस अडवून ठेवतो, म्हणून काही ग्राहक रागावतात. पण १४ हा माणसालाही आजारी पाडणारा प्रकार आहे. त्याला १ म्हणून कळवणं आम्हाला जमणार नाही.

पुढच्या रकान्यात उपद्रवीपणाशी जोडल्या जाणाऱ्या तीन खुणा: एमआरपी आणि ईपीएफ या दोन प्रथिनांची जनुकं आणि सुइलायसिन या विषाचं जनुक एसएलवाय. सुइलायसिन पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. इथेच सगळ्यात जास्त वाद होतो. ‘तिन्ही निगेटिव्ह, म्हणजे सौम्य ना?’ नाही. एकाच सिरोटाइपमध्येही जिवाणूचे वेगवेगळे वंश असतात, त्यांना एसटी आणि क्रमांक असं नाव देतात. एसटी १ या वंशात तिन्ही खुणा सहसा असतात आणि तो उपद्रवी आहेच. पण उत्तर अमेरिकेत आजारी डुकरांत सापडणाऱ्या एसटी २५ मध्ये तिन्ही सहसा नसतात, एसटी २८ मध्ये एकटं एमआरपी असतं. शिवाय एमआरपी आणि ईपीएफ या जनुकांच्या लांबीत फरक असलेल्या आवृत्त्या आहेत. म्हणून आम्ही नुसतं ‘आहे’ किंवा ‘नाही’ न लिहिता पीसीआरमध्ये मिळालेल्या जनुकाच्या तुकड्याची लांबीही लिहितो. ती ओळ वाचत जा, तुमच्या पशुवैद्यांना ती लागते.

वंश ठरवायला जिवाणूच्या रोजच्या कामाची सात जनुकं वाचावी लागतात. ही तपासणी वेगळी सांगावी लागते आणि प्रत्येक वेळी गरजेची नसते. एकाच फार्मवर मर पुन्हा उद्भवली, किंवा लस बनवायची असेल, तर मात्र करून घ्या. वंशाला एवढं महत्त्व का, तर २००५ साली चीनच्या सिचुआन प्रांतात प्रकार २ च्याच एसटी ७ या वंशाने २१५ माणसं आजारी पाडली आणि त्यातली ३८ दगावली. आवरण तेच, आतला जिवाणू वेगळा.

रिपोर्टवर ‘घातक’ असा शिक्का मारा, अशी मागणी होते. आम्ही मारत नाही. जनुकं आम्हाला दिसतात. पिल्लांची गर्दी, हवा, सोबतचे विषाणू दिसत नाहीत. घातक की नाही हे नमुना कुठून आला आणि फार्मवर काय घडतंय ते धरूनच ठरतं, म्हणून अर्जातला ‘नमुन्याची जागा’ हा रकाना रिकामा असेल तर आम्ही काम सुरू करण्याआधी फोन करतो. योग्य जागेच्या नमुन्यातला जिवाणू आम्ही खोल गोठवून जपून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वर्षभराने पुन्हा मर झाली तर जुन्या आणि नव्याची तुलना तिथल्या तिथे होते.

फार्मवरच्या कोणाला ताप, मान आखडणे किंवा अचानक कमी ऐकू येणे असं झालं, तर दवाखान्यात पहिल्यांदा हेच सांगा की हा माणूस डुकरांत काम करतो. माणसाचा नमुना आमच्याकडे पाठवू नका, तो आम्ही घेत नाही. पण दवाखान्याच्या लॅबने तुमच्या फार्मवरचा जिवाणू तुलनेसाठी मागितला, तर तुमच्या लेखी परवानगीने त्याच दिवशी पाठवतो.