गटारात उतरणाऱ्याचा मालक कोण? सुरक्षा आणि विम्याच्या शंभर वर्षांची पार्श्वभूमी

सोसायटीची सेप्टिक टँक तुंबली की सेक्रेटरी ठेकेदाराला फोन करतो, ठेकेदार मुकादमाला सांगतो आणि मुकादम नाक्यावरून दोघा-तिघांना घेऊन येतो. काम उरकलं की रोख मजुरी हातावर पडते. या सगळ्या साखळीत त्या मजुरांची नावं कुठल्याच कागदावर नसतात. एखादा आत गुदमरून गेला, की हा माणूस नेमका कोणाचा, यावरून टोलवाटोलवी सुरू होते. गटारसफाईतल्या सुरक्षेचा आणि विम्याचा इतिहास पाहिला तर सगळे धागे याच एका प्रश्नापाशी येतात.

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर असताना, कामामुळे मृत्यू आला तर मालकाची चूक सिद्ध न करताही कुटुंबाला भरपाई, हे त्याचं मोठं तत्त्व. त्याच्या कलम १२ मध्ये ठेकेदारीचाही विचार होता: मूळ मालकाने आपलंच काम ठेक्याने दिलं असलं तरी भरपाई आधी त्याने द्यायची, नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. नगरपालिकेला हे कलम बांधून ठेवतं, कारण मलनिःसारण हे तिचंच काम. पण गृहनिर्माण सोसायटीचा तो धंदा नाही, म्हणून ती सुटू शकते. शिवाय नैमित्तिक आणि मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामावर घेतलेल्या माणसाला या कायद्याने कामगारच मानलं नव्हतं. नाक्यावरून एका दिवसापुरता आणलेला सफाईवाला नेमका त्यात बसत होता. हा अपवाद निघाला २००० साली, म्हणजे पाऊणशे वर्षांनी. भरपाई देण्याचं दायित्व आपल्यावर येईल म्हणून मालक विमा काढतो. दायित्वच नाही म्हटल्यावर विमा कोण काढणार?

आपल्याकडे या कामाकडे नजर गेली ती प्रथम मैला डोक्यावरून वाहण्यामुळे. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. पुढे लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे पालिकांतल्या कायम सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा आधार मिळाला. ज्या समाजांवर जातीने हे काम लादलं गेलं, त्यांच्यासाठी हा आधार खरा होता आणि आहे. मात्र तो कायम नोकरीवाल्यांपुरता. ठेका पद्धत वाढली तशी आत उतरणारी माणसं त्या आधाराबाहेर गेली. १९९३चा हाताने मैला उचलण्यावरचा बंदी कायदाही कोरड्या संडासांपाशीच थांबला. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याला त्यात जागा नव्हती.

धोका मात्र कोणाला माहीत नव्हता असं नाही. गाळ सडतो तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि गाळात अडकून राहतो. वरून शांत दिसणाऱ्या टाकीत माणूस उतरतो, फावडं मारतो, गाळ ढवळला जातो आणि वायू एकदम सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास हा वायू झाला की काही मिनिटांत नाकाला वासच कळेनासा होतो. ‘आता वास गेला’ असं वाटणं ही सगळ्यात घातक खूण. प्रमाण आणखी कित्येक पटींनी वाढलं तर चार-दोन श्वासांत माणूस कोसळतो. नाकाला बांधलेला रुमाल इथे काहीच करत नाही. साधा गाळणीचा मास्कही नाही, कारण आत प्राणवायूच पुरेसा नसेल तर गाळून घेणार काय?

जुने कामगार झाकण काढून थांबत आणि आतून झुरळं जिवंत बाहेर येतात का ते पाहत. काही जण पेटती काडी आत टाकत. मिथेन साठलेला असेल तर त्याच काडीने भडका उडतो. याला जाणता पर्याय होता: लेड अ‍ॅसिटेट लावलेला ओला कागद दोरीने आत सोडायचा, काळा पडला तर उतरायचं नाही. भारतीय मानक संस्थेने १९८७ मध्ये आयएस ११९७२ हे मलवाहिनीत प्रवेश करण्याविषयीचं स्वतंत्र मानक काढलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला होता: मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त जण आधी अडकलेल्याला वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडच्या बातम्यांत एकाच टाकीत तिघे-चौघे गेल्याचं वाचतो, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. वर तिपाई (ट्रायपॉड) आणि अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा (हार्नेस) दोर असता, तर दुसऱ्याला उतरावंच लागलं नसतं.

सुरक्षा आणि विमा कायद्यात एकत्र आले ते २०१३ मध्ये. ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या नव्या मैलासफाई प्रतिबंध कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नियमांनी बारकावे दिले: आधी वायूची तपासणी, उजेडातच काम, सलग ९० मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि मालकाने हप्ता भरून काढलेला किमान दहा लाखांचा विमा. कागदावर हे उत्तम आहे. नाक्यावरच्या माणसापर्यंत मात्र ते पोहोचलं नाही, कारण ‘मालक’ म्हणून सही करणारा कोणीच नसतो.

ही पोकळी न्यायालयांनी भरपाईने बुजवली. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूसाठी दहा लाख देण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारलाच पैसे द्यायला लावले. काम खासगी असलं तरी कुटुंबाने वाट पाहत बसायचं नाही, वसुली सरकारने मागाहून करावी, हा त्याचा अर्थ. माझ्या मते या प्रश्नावर महाराष्ट्रात मिळालेलं हे सर्वांत स्पष्ट उत्तर. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची रक्कम तीस लाख केली. तरी एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या खासगी सांडपाणी केंद्रात चार कामगार दगावले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाकडून होणारी गटारसफाई बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला.

दरम्यान केंद्राच्या नमस्ते योजनेतून गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची नोंदणी, संरक्षक संच आणि आयुष्मान कार्ड देणं सुरू झालं. बँकेत खातं असेल तर वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा पंतप्रधान सुरक्षा विमा मिळतो. नसण्यापेक्षा बरा, पण तीस लाखांच्या पुढे तो काय पुरणार. १९२३चा कायदाही आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे.

त्यामुळे ठेकेदार ‘विमा आहे’ म्हणाला तर पॉलिसी हातात घेऊन वाचावी. त्यात कामगारांची संख्या किती, मजुरी किती दाखवली आणि कामाचं वर्णन काय, हे तीन रकाने महत्त्वाचे. अनेकदा तिथे ‘हाऊसकीपिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. टाकीत उतरणाऱ्याचा दावा त्यावर अडकू शकतो. आणि मुळात सक्शन गाडी व जेटिंग मशीनने काम होत असेल, तर कोणालाही आत उतरवू नये, हे कामाच्या ऑर्डरवर लिहूनच द्यावं.